आवाज मोठा, शब्द गायब

बेळगावात शहापूरच्या आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना खेटून आहेत. समोरून जेमतेम बारा-पंधरा फूट रुंद, आत मात्र लांबच लांब. आधी सोपा, म्हणजे पुढची बसायची खोली, मग माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसू. तीन वर्षांपूर्वी आम्ही कौलं उतरवून स्लॅब घातला. मातीच्या भिंती गेल्या, गुळगुळीत गिलावा आला, खाली चकचकीत टाईल्स बसल्या. घर उजळलं. पण महिन्याभरात आज्जीची कुरकुर सुरू झाली, "टीव्हीवर काय बोलूलालेत ते कळंना झालंय. आवाज वाढीव बघू."

आम्ही आवाज पंधरावरून पंचवीसवर नेला. तरी तिला कळेना. कान तपासून आणले, तर वयाच्या मानानं ठीक होते. मग बाबांनी दोन स्पीकर आणि एक वूफर, म्हणजे फक्त खर्जाचा मोठा स्पीकर, आणला. जागा होती तिथं ते बसवले, म्हणजे स्पीकर शोकेसच्या माथ्यावर आणि वूफर कोपऱ्यात, शेजारच्या सामाईक भिंतीला टेकून. आज्जीला तरी कळेना, आणि चौथ्या दिवशी शेजारच्या अक्का दारात उभ्या राहिल्या. "स्वल्प कमी करा की, आमच्या मांडणीवरची भांडी हलूलालीत."

खरं कारण खानापूरला सापडलं. मावशीच्या घरावर अजून कौलं आहेत. तिथं आज्जीनं तीच मालिका आमच्यापेक्षा कितीतरी कमी आवाजात ऐकली आणि तिला शब्दन् शब्द कळला. कान तेच होते, बदलली होती ती खोली.

टीव्हीतून निघालेला आवाज थेट कानापर्यंत येतो, तसाच भिंतींवर, छतावर, फरशीवर आपटून पुन्हा पुन्हाही येतो. जुन्या घरात तो कौलांच्या फटींतून निसटायचा, माळ्यावरच्या पोत्यांत मुरायचा. टाईल, काच आणि सिमेंटचा गिलावा मात्र आलेल्या आवाजातला शंभरातला दोन-तीन भागच गिळतात, बाकीचा परत फेकतात. म्हणून शब्द उच्चारून झाला तरी त्याचा घुमारा खोलीत फिरत राहतो.

हा घुमारा मोजायला शिकवलं ते वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकानं. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठानं एक व्याख्यानगृह बांधलं, आणि तिथं बोललेलं कुणाला समजेना. घुमारा साडेपाच सेकंद टिकत होता. ते दुरुस्त करायचं काम सॅबिनकडे आलं. रात्री सगळं शांत झालं की तो शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणी, ऑर्गनची नळी वाजवून थांबवी आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघे. सकाळच्या आत गाद्या पुन्हा जागेवर. त्या रात्रींतून एक साधं सूत्र निघालं. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. शोषण म्हणजे खोलीतल्या सगळ्या वस्तू मिळून किती चौरस मीटरच्या उघड्या खिडकीइतका आवाज गिळतात ते. उत्तर सेकंदांत येतं. मला हा माणूस फार जवळचा वाटतो, कारण शेवटी आम्हीही गाद्याच हलवल्या.

आमचा सोपा १२ बाय १४ फूट, उंची १० फूट. घनफळ साधारण ४८ घनमीटर. रिकाम्या, टाईल्सच्या खोलीत शोषण जेमतेम अडीच चौरस मीटरचं धरलं, तर घुमारा येतो तीन सेकंदांचा. बोलताना एका अक्षराला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे एक अक्षर विरायच्या आत पुढची दहा-पंधरा अक्षरं त्याच्या अंगावर येऊन पडतात.

त्यात सगळी अक्षरं सारखी टिकत नाहीत. ताप, साप, चाप, काप हे शब्द मोठ्यानं म्हणून बघा. चारींतला 'आ' भरघोस आहे, पण अर्थ ठरतो तो त, स, च, क यांच्यावर, आणि ती व्यंजनं क्षणभराची, बारीक आणि उंच पट्टीतली असतात. आधीच्या स्वराचा घुमारा त्यांना झाकून टाकतो. वयानुसार कानही आधी उंच पट्टीच सोडतात. आज्जीला आवाज ऐकू येत होता, त्यातली व्यंजनं येत नव्हती. व्हॉल्यूम वाढवला की शब्दाबरोबर घुमाराही तेवढाच वाढतो, दोघांमधलं प्रमाण जिथल्या तिथं राहतं. म्हणून "आवाज वाढव" हा उपायच लागू पडत नाही. किती घरांत म्हातारी माणसं यावरून बोलणी खातात, आणि हळूहळू टीव्हीसमोर बसणंच सोडून देतात! त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग आम्ही काय केलं? सगळ्यात आधी वाकळ. आज्जीनंच जुन्या नऊवारींची शिवलेली, पाच पदरी, ट्रंकेत पडून होती. टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर बांबूच्या काठीला अडकवून ती सोडली. भिंतीला चिकटवली नाही, मध्ये चार बोटं जागा ठेवली. कापूस आवाज गिळतो तो धाग्यांमध्ये हलणारी हवा घासून, त्या घर्षणात आवाजाची किंचितशी उष्णता होते. भिंतीला अगदी लागून हवेची हालचाल जवळजवळ थांबलेली असते, म्हणून तिथं कापड फारसं काम करत नाही. जरा पुढं ओढलं की तेच कापड जास्त गिळतं. पातळ नायलॉनच्या पडद्याचा मात्र उपयोग नाही, आणि अंड्यांच्या ट्रेचा तर त्याहून नाही. खिडकीला जाड सुती पडदा लावला, खाली सतरंजी अंथरली, दिवाणावर कापसाची गादी टाकली. शोषणात पाचेक चौरस मीटरची भर पडली असेल. सूत्रात घातलं की घुमारा एका सेकंदावर येतो. घरातली माणसं बसली की अजून कमी, कारण एकेक माणूसही अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास आवाज गिळतो.

दुसरं काम अंतराचं. अशा खोलीत स्पीकरपासून दोन-अडीच फुटांपलीकडे गेलात की थेट आवाजापेक्षा आपटून आलेलाच जास्त असतो. आज्जीची खाट टीव्हीपासून बारा फुटांवर आहे. आम्ही एक छोटा स्पीकर तिच्या उशाकडे, तीन फुटांवर, बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असा ठेवला. अंतर चौपटीनं कमी झालं की थेट आवाज १२ डेसिबलनं वाढतो, घुमारा मात्र तसाच राहतो. जे व्हॉल्यूमच्या बटणानं झालं नव्हतं ते या स्टुलानं केलं.

तो स्पीकर आधी ब्लूटूथवर जोडला होता, ते चुकलं. ब्लूटूथवरून आवाज पोचायला बऱ्याचदा सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त वेळ जातो. तेवढ्यात आवाज हवेतून ३४ मीटर जातो. टीव्ही स्वतःही बोलत असेल, तर लांबच्या भिंतीवरून प्रतिध्वनी आल्यासारखं होतं. शेवटी फरशीच्या कडेनं वायर नेली.

वूफरची गोष्ट वेगळी, कारण तो आमच्या खोलीपुरता राहत नाही. ५० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. वाकळ, पडदा तिला अडवत नाहीत, आणि सामाईक भिंतच ताशासारखी हलते. त्यात भिंतीजवळ, विशेषतः कोपऱ्यात ठेवलेला वूफर त्याच वीजेत कितीतरी जास्त घुमतो, कारण सगळीकडे पसरणारा आवाज भिंती एकाच बाजूला ढकलतात. आम्ही तो उचलून रस्त्याकडच्या भिंतीजवळ आणला, तिच्यापासूनही दोन फूट पुढं. खाली जाड रबर घातलं आणि खर्जाचं बटण अर्ध्यावर आणलं. अक्कांची भांडी गप्प झाली. रात्री दहा ते सकाळी सहा वूफर बंदच. वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे, पण आम्ही ते अक्कांच्या झोपेसाठी पाळतो.

बाबांची एक तक्रार उरली. रात्री ते कुमार गंधर्वांचं गाणं लावतात. कुमारजी आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, १९२४ चा जन्म, त्यामुळं बाबांना त्यांचा वेगळाच जिव्हाळा. हळू लावलं की तंबोऱ्याचा खर्ज नाहीसा होतो, म्हणायचे. त्यांचं बरोबर आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज कमी झाला की कानाला खर्ज बाकीच्या सुरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतो. त्यांना हेडफोन आणून दिला. त्यात खर्ज वाढवला तरी भिंतीपलीकडे काही जात नाही.

आता टीव्ही अकरावर असतो. गेल्या आठवड्यात वाकळ धुवायला काढत होतो, तर खाटेवरून आज्जी म्हणाली, "थांब रे, बातम्या संपूंदेत आधी."