लॉग आणि घुसखोर : हिशेबाच्या वहीपासून पहाऱ्यापर्यंत

संगणकाचा लॉग, म्हणजे यंत्रावर काय घडले याची आपोआप लिहिली जाणारी वही, चोर पकडण्यासाठी जन्माला आला नाही. एकाच यंत्रावर अनेक जण काम करायचे त्या काळात कोणी किती वेळ यंत्र वापरले हे लिहून ठेवावे लागे, कारण त्यावरून बिल निघे. बिघाड शोधायलाही या नोंदी उपयोगी पडत. पहाऱ्याचे काम लॉगच्या गळ्यात नंतर पडले. आज लॉग तपासताना ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या जन्मकथेतून आल्या आहेत.

१९८० साली संगणक-सुरक्षेचे अभ्यासक जेम्स अँडरसन यांनी एक अहवाल लिहिला. सुरक्षा अधिकाऱ्यासमोर नोंदींचे ढीग येतात आणि त्यातून हाती काही लागत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्यांचा उपाय असा : प्रत्येक वापरकर्त्याचे नेहमीचे वागणे आकड्यांत मांडा आणि त्यापासून जे फार दूर जाईल तेवढेच माणसापुढे ठेवा. आतल्या धोक्याचे त्यांनी तीन प्रकार केले. दुसऱ्याच्या नावाने शिरणारा, स्वतःच्या अधिकाराचा गैरवापर करणारा, आणि नोंद होते त्या थराच्या खालून वावरणारा छुपा वापरकर्ता. हा तिसरा सर्वांत अवघड, कारण त्याची ओळ लॉगमध्ये नसतेच.

१९८३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याची ‘ऑरेंज बुक’ ही मानके आली. त्यांत सी-२ आणि त्यावरच्या सुरक्षा-श्रेणींना ऑडिट नोंदी, म्हणजे कोणी काय केले याच्या नोंदी, सक्तीच्या झाल्या. नोंद होऊ लागली, पण ती वाचणार कोण याचे उत्तर मानकात नव्हते.

ते उत्तर १९८६ मध्ये एका हिशेबाच्या फरकातून पुढे आले. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत दोन हिशेब-प्रणालींची बेरीज ७५ सेंटने जुळेना. तिथली यंत्रे सांभाळणाऱ्या क्लिफर्ड स्टोल यांनी त्याचा पिच्छा पुरवला आणि बिलाचा पत्ताच नसलेले एक खाते सापडले. घुसखोर यंत्राचे सर्वाधिकार मिळवून बसला होता आणि कोणी लक्ष ठेवून आहे का, हे तो स्वतःच तपासत असे. त्यामुळे त्या यंत्रावरच्या लॉगवर विसंबणे शक्य नव्हते. स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या लाइनींनाच प्रिंटर जोडले. घुसखोराने टाइप केलेले प्रत्येक अक्षर कागदावर उमटले, आणि कागद पुसण्याची कळ त्याच्याकडे नव्हती. सुमारे दहा महिन्यांच्या पाळतीनंतर माग जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला. ‘लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवा’ हा आजचा पहिला नियम म्हणजे त्या प्रिंटरचेच पुढचे रूप आहे.

१९८६ मध्येच एसआरआय इंटरनॅशनल या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या डोरोथी डेनिंग यांनी घुसखोरी ओळखण्याचे सर्वसाधारण प्रारूप मांडले. १९८७ मध्ये ते विस्ताराने प्रसिद्ध झाले. कोणी, कशावर, काय केले, किती संसाधन वापरले आणि केव्हा, अशा नोंदींवरून वागण्याची रूपरेषा काढायची आणि तिच्याशी न जुळणारे वेगळे करायचे. अँडरसन यांच्या कल्पनेला यातून गणिती बांधा मिळाला.

प्रत्यक्ष यंत्रांवर मात्र सिसलॉगचे, म्हणजे लॉगच्या ओळी गोळा करून पाठवणाऱ्या प्रणालीचे, राज्य होते. एरिक ऑलमन यांनी ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सेंडमेल या टपाल-प्रणालीसाठी लिहिले. सोपे असल्यामुळे ते सगळीकडे पसरले आणि त्याच्या उणिवाही सोबत गेल्या. ओळ यूडीपी या पोचपावती न मागणाऱ्या पद्धतीने ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर (यंत्राच्या क्रमांक दिलेल्या दारावर) जाई. पोचपावती नाही, त्यामुळे गर्दीत ओळी हरवत, आणि हल्ल्याच्या वेळीच गर्दी जास्त असते. पाठवणारा खरा कोण हे पडताळायची सोय नव्हती. वेळेच्या शिक्क्यात महिना, दिवस आणि घड्याळ असे. वर्ष आणि वेळक्षेत्र नसे. दोन देशांतल्या सर्व्हरच्या नोंदी शेजारी ठेवल्या की घटनांचा क्रमच उलटायचा. २००१ च्या आरएफसी ३१६४ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवणारे क्रमांकित दस्तऐवज) ही चालत आलेली रीत फक्त लिहून काढली. पूर्ण वेळशिक्का मिळाला तो २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये, आणि टीएलएसवरून, म्हणजे सांकेतिक रूपात, पाठवण्यासाठी ६५१४ हे पोर्टही त्याच वर्षी ठरले. जुना साचा अजूनही अनेक उपकरणे पाठवतात. म्हणून सगळी घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवणे आणि शक्य तिथे यूटीसी, म्हणजे जगाची एकच प्रमाणवेळ, वापरणे हे तपासाच्या आधीचे काम आहे.

सिसलॉगचा आणखी एक वारसा यंत्रे सांभाळणाऱ्या नवख्या अॅडमिनला हमखास फसवतो. प्रत्येक ओळीला एक क्रमांक असतो : विभाग (ओळ कुठल्या प्रकारच्या प्रोग्रॅमकडून आली त्याचा आकडा) गुणिले ८, अधिक तीव्रता. तीव्रता ० म्हणजे यंत्र कोलमडले, ७ म्हणजे डीबगची, चुका शोधण्यासाठीची, बडबड. एसएसएचवर (दुरून यंत्रात शिरण्याच्या सोयीवर) चुकीचा पासवर्ड पडला तर ती ओळ तीव्रता ६ ने, म्हणजे साधी माहिती म्हणून, लिहिली जाते. विभाग ४ असेल तर क्रमांक ३८. यशस्वी लॉगिनची तीव्रताही ६ च. जागा वाचवण्यासाठी ‘३ आणि त्याहून गंभीर तेवढेच ठेवा’ अशी गाळणी लावली की घुसण्याचे प्रयत्न आणि प्रत्यक्ष घुसणे दोन्ही गळून जातात. तीव्रता यंत्राची तब्येत सांगते, धोका सांगत नाही.

१९९३ मध्ये स्टॅनफर्डच्या स्टीफन हॅन्सन आणि टॉड अॅटकिन्स यांनी ‘स्वॉच’ हे लॉगवर नजर ठेवणारे साधन मांडले. नमुना सांगायचा, तो ओळीत दिसला की निरोप जातो किंवा एखादी आज्ञा चालते. पण माहीत असलेलेच शोधणारा नवा हल्ला कसा ओळखणार? सुरक्षातज्ज्ञ मार्कस रॅनम यांनी १९९७ मध्ये ही रीत उलटी केली आणि तिला कृत्रिम अज्ञान म्हटले. मला ती आजही सर्वांत उपयोगी वाटते. दोन-तीन आठवड्यांचे लॉग घ्या, त्यांतली वेळ, प्रक्रिया क्रमांक आणि आयपी पत्ते (नेटवर्कवरच्या यंत्रांचे क्रमांक) काढून त्या जागी खुणा ठेवा, ओळी मोजून उतरत्या क्रमाने लावा. वरच्या नेहमीच्या ओळी दुर्लक्ष-यादीत टाका. उरेल ते रोज वाचा. इथे चूक होते ती नमुने सैल लिहिल्याने. नमुना ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला बांधलेला नसेल, तर त्याच शब्दांची भर घातलेली हल्लेखोराची ओळही निमूटपणे गाळली जाते. शिवाय यंत्र आधीच फोडलेले असेल तर घुसखोराचे वागणेच ‘नेहमीचे’ ठरते.

ओळखण्याकडून प्रतिसादाकडे मोठे पाऊल पडले ते २००४ च्या फेल-टू-बॅनमुळे. लॉगमध्ये फसलेले प्रयत्न मोजून तो पत्ता बंद करणारे हे साधन. आजच्या मूळ मांडणीत १० मिनिटांत ५ अपयशे आली की तो पत्ता १० मिनिटे बंद होतो. रेटून केलेल्या हल्ल्याला हे पुरते. तासाला दोन प्रयत्न करणाऱ्या किंवा शेकडो पत्त्यांवरून येणाऱ्याला मात्र ते दिसत नाही. २००७ मध्ये याहून गंभीर गोष्ट उघड झाली. वापरकर्त्याच्या नावाच्या जागी दुसऱ्याचा आयपी पत्ता असलेला मजकूर घुसवून अशा साधनांना निरपराध पत्ता बंद करायला लावता येत होते. लॉगमधला बराच मजकूर हल्लेखोराने लिहिलेला असतो, हे विसरून चालत नाही. स्वतःचा व्यवस्थापनाचा पत्ता वगळलेल्यांच्या यादीत आधी टाकावा, नाहीतर संकटाच्या वेळी आपणच बाहेर.

स्वयंचलित पहाऱ्याची मर्यादा गणितातली आहे, हे संशोधक स्टीफन अॅक्सेलसन यांनी १९९९ मध्ये दाखवले. समजा दिवसाला १० लाख नोंदी आहेत आणि त्यांतल्या २० घुसखोराच्या. साध्या नोंदींपैकी १ टक्का जरी संशयित ठरल्या तरी सुमारे १०,००० खोटे इशारे उभे राहतात. त्या ढिगातून खरे वीस कोण शोधणार? पुढे वेगवेगळ्या यंत्रांच्या नोंदी एकत्र जुळवणाऱ्या प्रणाली आल्या आणि २००५ मध्ये त्यांना ‘सीम’ (एसआयईएम) हे नाव मिळाले. त्यांचा खरा फायदा ओळी जोडण्यात आहे. नुसत्या अपयशांवर इशारा देण्यापेक्षा एकाच पत्त्यावरून वीस अपयशे, लगेच एक यश आणि नंतर नवे खाते, या साखळीवर दिलेला इशारा वाचण्याजोगा असतो.

अँडरसन यांचा छुपा वापरकर्ता अजून आहेच. विंडोजवर सुरक्षा लॉग पुसला की निदान ११०२ क्रमांकाची घटना उरते. ती कधीही दुर्लक्ष-यादीत टाकू नये. युनिक्सवर पुसलेली ओळ काहीच सांगत नाही, म्हणून शांतता मोजावी लागते. जुन्या सिसलॉगमध्ये दर २० मिनिटांनी ‘मार्क’ अशी रिकामी ओळ लिहिण्याची सोय होती. आज अनेक ठिकाणी ती बंद असते. ती सुरू करावी, आणि एखाद्या यंत्राकडून सलग दोन मार्क आले नाहीत तर दूरच्या लॉग सर्व्हरने इशारा द्यावा.