गुळवेल आणि क्रिस्पा: खोड बघा, पण नीट बघा

करोनाच्या काळात कुंपणावरच्या गुळवेलीला एकदम भाव आला. बदामाच्या आकाराचं पान दिसलं की लोक वेल तोडू लागले. घोटाळा इथेच आहे, कारण टिनोस्पोरा क्रिस्पा या तिच्या भाऊबंदाचं पानही बदामीच असतं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने, गुळवेलीसारखी दिसणारी क्रिस्पा अपायकारक ठरू शकते असं सांगत, दोन्ही वेलींतले फरकच जाहीर केले.

आपली गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, भारतीय उपखंडातली. आपल्याकडे ती कडुनिंबावर, आंब्यावर, बाभळीवर सर्रास चढलेली दिसते. क्रिस्पाचं घर आग्नेय आशियात, म्हणजे थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स; शिवाय भारताचा ईशान्य भाग. त्यामुळे महाराष्ट्रातल्या रानात गफलत होण्याचा संभव कमी. पण बाजारातल्या वाळक्या तुकड्यांचं गाव कोण विचारतं?

खरी परीक्षा खोडाची. गुळवेलीच्या खोडावर कागदासारखी पातळ साल असते. ती नखाने सोलली की आत हिरवंगार. आडवा काप घेतला तर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. क्रिस्पाचं खोड राखाडी, त्यावर ठळक, दाट गाठी, आणि कापल्यावर पांढरा चीक. ‘गुळवेलीला गाठी नसतात’ हे सरकारी वाक्य मात्र मला अपुरं वाटतं. कोवळं खोड गुळगुळीत असतं हे खरं, पण जून खोडावर श्वसनरंध्रांचे बारीक उंचवटे येतातच. तेवढ्यावरून अस्सल वेल फेकून देऊ नका. चीक आहे का ते बघा.

फुलं सापडली तर आणखी खात्री पटते. ती बारीक, पिवळट-हिरवी, आणि येतात तेव्हा वेल बहुधा निष्पर्ण असते. गुळवेलीच्या नर फुलाला सहा पाकळ्या, क्रिस्पाच्या तीन. नर आणि मादी वेली वेगळ्या असल्यामुळे प्रत्येक वेलीवर फळं शोधत बसण्यात अर्थ नाही. मादी वेल भेटलीच, तर गुळवेलीची फळं गोल आणि लालभडक. क्रिस्पाची लांबट, नारिंगी.

चव घेऊन ओळखायला जाऊ नका, दोन्ही कडूजहर. आणि ओळख पटली तरी यकृताचा जुना आजार असेल, तर काढा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. अस्सल गुळवेलीनेही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.