कॉर्डलेस ड्रिल बिघडले : दुरुस्त करावे की नवे घ्यावे? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सप्रेम नमस्कार.

परभणी शहर आणि आसपासच्या तालुक्यांतील सुतार, वायरमन, फॅब्रिकेशनचे कारागीर, तसेच शेतात सौर पंपांचे सांगाडे उभारणारे फिटर आपली बॅटरीवरील ड्रिल मशिने आमच्याकडे दुरुस्तीस आणतात. यावर खर्च करावा की नवेच घ्यावे, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आमच्या मते याचे उत्तर शोधताना सुरुवात बॅटरीपासून करावी. कॉर्डलेस मशीनच्या किमतीत बॅटरी आणि चार्जर यांचा वाटा मोठा असतो, आणि ‘मशीन गेले’ म्हणून आणलेल्या कित्येक मशीनची मोटार ठणठणीत असून केवळ बॅटरी थकलेली असते.

दुकानात येण्यापूर्वी काही साध्या गोष्टी घरीच तपासता येतात. ट्रिगरजवळचे सुलट-उलट दिशेचे बटण मधोमध राहिले, तर मशीनला कुलूप लागते आणि ट्रिगर दाबला जात नाही. त्यात बिघाड काही नाही. चकच्या, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडाच्या, मागील आकड्यांच्या कड्यावर कमी आकडा ठेवलेला असेल, तर स्क्रू अर्ध्यावर जाताच कटकट आवाज होऊन चक थांबतो. ते कडे ड्रिलच्या खुणेवर आणल्यावर चक नीट फिरू लागला, तर गिअर शाबूत आहेत असे समजावे. यानंतर एखाद्या सहकाऱ्याकडून त्याच कंपनीची, त्याच मालिकेची, पूर्ण चार्ज झालेली बॅटरी मागून लावून पाहावी. मशीन जोमाने चालले, तर दोष आपल्या बॅटरीत किंवा चार्जरमध्ये आहे. तरीही चालले नाही, तर मशीन उघडावे लागेल. एवढ्या एका चाचणीने अर्धा निर्णय होऊन जातो.

बॅटरी थकली असेल तर

१८ व्होल्टच्या साध्या पॅकमध्ये लिथियम-आयनचे ३.६ व्होल्टचे ५ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झालेला सेल ४ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणून काही कंपन्या याच रचनेच्या पॅकवर २० व्होल्ट असे छापतात. दोन्हींत फरक मानू नये. ४८ किंवा ८८ असा मोठा आकडा आणि त्यापुढे ‘व्हीएफ’ अशी अक्षरे छापलेली स्वस्त मशिनेही बाजारात मिळतात, मात्र त्यांतील अनेकांचा पॅक उघडल्यावर आत तेच ५ सेल निघतात. नव्या मशीनशी तुलना करताना या आकड्यांना भुलू नये.

सेल अशा साखळीत असल्यामुळे एक जरी कमजोर झाला, तरी पॅकमधील संरक्षक सर्किट संपूर्ण पॅक बंद करते. मोकळे फिरवल्यास मशीन छान फिरते आणि भिंतीला टेकवताच थांबते, ही त्याची नेहमीची खूण होय. अशा वेळी खराब झालेला एकच सेल बदलून द्यावा, असा आग्रह अनेक ग्राहक करतात. आम्ही तसे करत नाही, कारण नव्या सेलशी जुन्या सेलची क्षमता जुळत नाही, जुने सेल आधी रिकामे होतात आणि पॅक पुन्हा बंद पडतो. बदलायचे तर सगळेच सेल बदलावेत, आणि ते एकाच बनावटीचे, एकाच क्षमतेचे व जास्त करंट देऊ शकणाऱ्या प्रकारचे असावेत. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले सेल मापाने तसेच, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे असतात. परंतु बिट अडकल्यावर मोटार जो करंट ओढते, तो त्यांना पेलत नाही आणि ते धोकादायकरीत्या तापतात. सेलची जोडणीही निकेलच्या पट्टीने स्पॉट वेल्डिंग करूनच व्हावी लागते, कारण सोल्डरिंगच्या उष्णतेने सेलला इजा होते.

म्हणून कंपनीचा मूळ पॅक मिळत असेल, तर तोच घ्यावा, असा आमचा सल्ला आहे. मूळ पॅक येणे बंद झाले असेल आणि मशीन मात्र चांगल्या स्थितीत असेल, तेव्हाच सेल बदलण्याचा खर्च सार्थकी लागतो. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या मशीनवर आता खर्च करू नये. त्यांचा चार्जर लिथियम पॅकला चालत नाही, त्यामुळे बॅटरी बदलायची म्हटले की चार्जरही बदलणे आले.

एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगू इच्छितो. बराच काळ पडून राहिलेला पॅक चार्जर स्वीकारत नाही, तेव्हा दुसऱ्या बॅटरीच्या वायरी थेट लावून त्यात करंट भरण्याचा उपाय केला जातो. पार रिकाम्या झालेल्या लिथियम सेलमध्ये आतील तांबे विरघळू लागते, आणि असा सेल पुन्हा चार्ज केल्यास आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागू शकते. कृपया हा प्रयोग घरी करू नये आणि आमच्याकडेही तो करण्याचा आग्रह धरू नये.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. लिथियम सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेले असताना चार्ज करू नयेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. मग पत्र्याच्या शेडमध्ये किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवलेला पॅक किती तापत असेल, याची कल्पना करावी. असा पॅक लगेच चार्जरवर लावला, तर चांगला चार्जर तो निवेपर्यंत थांबतो आणि त्याचा दिवा लुकलुकत राहतो. चार्जर बिघडला असे समजून तो आमच्याकडे आणला जातो, पण पॅक अर्धा-एक तास सावलीत ठेवला की काम होते. स्वस्त चार्जरमध्ये ही सोय नसल्यास ती काळजी आपणच घ्यावी.

दोष मशीनमध्ये असेल तर

मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन (ब्रश) झिजल्यास मशीन अडखळते, बाजूने थापटल्यावर पुन्हा चालू होते आणि जाळीतून जास्त ठिणग्या दिसतात. कार्बन बदलण्यास खर्च अगदी थोडा येतो, त्यामुळे ते नि:शंकपणे बदलावेत. मात्र अनेक लहान मशीनमध्ये ते सुटे मिळत नसल्यामुळे संपूर्ण मोटार बदलावी लागते. मोटार जळाल्याचा वास येत असेल, तर ती रिवाइंड करून घेणे परवडत नाही. ब्रशलेस मशीनमध्ये कार्बन नसतात, परंतु त्यातील इलेक्ट्रॉनिक सर्किट गेल्यास खर्च मोठा येतो.

चक सैल झाला असेल, तर तो बदलता येतो. त्याच्या आत बसवलेला स्क्रू उलट्या आट्यांचा असून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. हे माहीत नसल्यामुळे जोर लावून त्याचे डोके तोडलेली मशिने येतात आणि साधे काम अवघड होऊन बसते.

सुटे भाग, मजुरी आणि जीएसटी धरून खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर आम्ही दुरुस्ती सुचवत नाही. मात्र ही तुलना योग्य वस्तूशी करावी. बॅटरी आणि चार्जर चांगले असतील, तर त्याच मालिकेचे नुसते मशीन बॅटरीशिवाय विकत मिळते. ते पूर्ण संचापेक्षा बरेच स्वस्त पडते. आपल्याकडे त्याच बॅटरीवर चालणारे ग्राइंडर किंवा ब्लोअर असल्यास कंपनी बदलू नये. याउलट मशीन झिजलेले आणि दोन्ही बॅटऱ्याही थकलेल्या असतील, तर दोन सुटे पॅक घेण्यापेक्षा नवा संच घेणे बहुधा फायद्याचे ठरते.

गिअर किंवा मोटार वारंवार जात असेल, तर आपल्या कामाचाही विचार करावा. जुन्या वाड्यांच्या काळ्या दगडी भिंतींत आणि काँक्रीटच्या बीममध्ये दिवसभर भोके पाडणे हे हलक्या कॉर्डलेस ड्रिलचे काम नाही. त्यासाठी वायरवर चालणारे रोटरी हॅमर घ्यावे आणि कॉर्डलेस मशीन लाकूड, पत्रा व स्क्रूसाठी राखून ठेवावे, म्हणजे दोन्ही टिकतील.

वॉरंटी शिल्लक असलेले मशीन आमच्याकडे किंवा अन्यत्र उघडू नये. बिलासह कंपनीच्या अधिकृत केंद्रात न्यावे. काही कंपन्या खरेदीनंतर ऑनलाइन नोंदणी केल्यास वॉरंटी वाढवून देतात, ते बिलासोबतच्या कागदावर पाहून घ्यावे.

आमच्याकडे येताना मशीन, बॅटरी आणि चार्जर हे तिन्ही सोबत आणावे. नुसते मशीन पाहून खर्चाचा अंदाज देणे आम्हाला योग्य वाटत नाही. अंदाज सांगून आपला होकार मिळाल्यावरच काम सुरू होते, आणि काढलेले जुने भाग आपल्याला परत दाखवले जातात. निकामी पॅक घंटागाडीत किंवा भंगारात टाकू नये, कारण दबला गेल्यास तो पेट घेऊ शकतो. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवायच्या असतात. पॅकच्या टोकांना चिकटपट्टी लावून तो आमच्याकडे दिल्यास आम्ही तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे पाठवू; त्यासाठी कोणताही आकार घेतला जात नाही.