भविष्यसूचक स्वप्ने : भौतिक मीमांसा

घटना घडण्यापूर्वी पडलेली आणि पुढे तिच्याशी जुळलेली स्वप्ने. या नोंदीत त्यांच्या भौतिक व शारीरिक कारणांचाच विचार केला आहे. शकुनफले वगळली आहेत.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक व दोषज असे सात प्रकार दिले आहेत. पैकी पहिले पाच निष्फळ. भाविक पुढचे सुचवणारे, तर दोषज वातादी दोषांतून उद्भवणारे. संहितेवर वेळोवेळी संस्करण झालेले असल्याने या वर्गीकरणाचा काळ सांगताना सावध राहावे लागते. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. चौथे शतक) असे बहुतेक दाखले योगायोगात जमा केले. मात्र झोपेत शरीरातील बारीक हालचाली मोठ्या भासतात, अंगाचा एखादा भाग किंचित तापला तरी आपण आगीतून चालल्यासारखे वाटते. म्हणून येऊ घातलेला आजार स्वप्नात आधी जाणवू शकेल, असे तो म्हणतो.

आधुनिक चर्चेला वळण दिले ते ब्रिटिश विमान-अभियंता जे. डब्ल्यू. डन (१८७५–१९४९) याने. १९०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लष्करात असताना त्याला स्वप्न पडले : एक बेट ज्वालामुखीने उडणार आहे आणि तेथील ४,००० लोकांना वाचवा म्हणून तो फ्रेंच अधिकाऱ्यांच्या विनवण्या करतो आहे. नंतर आलेल्या वृत्तपत्रात मार्टिनिक या कॅरिबियनमधील फ्रेंच बेटावरच्या मॉन्ट पेले ज्वालामुखीच्या उद्रेकाची बातमी होती. मथळ्यात मृतांचा आकडा होता ४०,०००, पण डनने घाईत तो ४,००० असाच वाचला. ही चूक त्याच्या ध्यानात आली ती कित्येक वर्षांनी. प्रत्यक्ष मृत्यू सुमारे २८,०००, म्हणजे स्वप्नाशी न जुळणारेच. हा तपशील महत्त्वाचा आहे. स्वप्न जुळले ते उद्रेकाशी नव्हे, तर डनच्या चुकीच्या वाचनाशी. यावरून डनने १९२७ मध्ये काळाच्या अनेक पातळ्यांचा सिद्धांत मांडला. बातमी वाचल्यावरच ‘हे आपण स्वप्नात पाहिले होते’ असा स्मृतिभ्रम झाला असेल, ही शंका त्याने स्वतःही घेतली होती. ती आजही सोपी व अधिक संभाव्य वाटते.

भौतिकीतील आधार मुख्यतः मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय तरंगांच्या समीकरणांत शोधला गेला. त्यांना काळात पुढे जाणाऱ्या तरंगांप्रमाणे मागे येणाऱ्या, म्हणजे ‘अग्रिम’ तरंगांचीही उत्तरे असतात. व्हीलर व फाइनमन या भौतिकीतज्ज्ञांनी १९४५ मध्ये दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली. पण त्यांच्या मांडणीत विश्वातील शोषक द्रव्याच्या प्रतिसादामुळे अग्रिम परिणाम परस्परांना छेदून नाहीसे होतात. भौतिकीतज्ज्ञ जेराल्ड फाइनबर्ग याने १९७५ मध्ये काळाच्या दोन्ही दिशांतील याच सममितीच्या आधारे पूर्वज्ञान ही भविष्याची स्मृती असू शकेल, असे सुचवले. येथे एक मोठी अडचण आहे. समीकरणे सममित असली तरी स्मृतीची नोंद सममित नसते : ठसा उमटताना एकूण एंट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) वाढते, म्हणून ठसा घटनेच्या मागाहूनच येतो. पुंज-गुंतणूक, म्हणजे दूरच्या कणांच्या अवस्था परस्परांशी जोडलेल्या असणे, हाही आधार ठरत नाही, कारण तिच्यातून संदेश पाठवता येत नाही. शिवाय भौतिकीतज्ज्ञ टेगमार्कच्या गणितानुसार (२०००) मेंदूतील पुंज-सुसंगती, म्हणजे असे पुंज-परिणाम टिकवणारी अवस्था, सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाइतकीही जेमतेम टिकते.

उरतो योगायोगाचा हिशेब. एका रात्रीचे स्वप्न योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा हजारांत एक धरली, तरी वर्षभरात सुमारे ३.६ टक्के लोकांना असा अनुभव येईल. न जुळलेली स्वप्ने विसरली जातात. अमेरिकन वैमानिक लिंडबर्ग याच्या बालकाच्या अपहरणानंतर (१९३२) मृतदेह सापडण्यापूर्वी सुमारे १,३०० स्वप्ने गोळा झाली. त्यांतील फक्त सुमारे ५ टक्क्यांत बालक मृत दिसले होते.

शारीरिक बाजू मात्र खरोखर भक्कम आहे. स्वप्नावस्थेत स्नायू शिथिल राहण्याची यंत्रणा बिघडली, की कोणी अंगावर धावून आल्याच्या स्वप्नात झोपलेला माणूस प्रत्यक्ष लाथाबुक्क्या मारतो. या विकाराचे वर्णन १९८६ मध्ये झाले. २०१९ च्या बहुकेंद्री अभ्यासात अशा १,२८० रुग्णांचा मागोवा घेतला. १२ वर्षांत पार्किन्सन किंवा त्याच गटातील मज्जाविकार जडण्याचा धोका ७३.५ टक्के आढळला. येथे स्वप्न भविष्य सांगते ते मेंदूच्या बुंध्यात आधीच सुरू झालेल्या ऱ्हासामुळे. चरकाचा ‘दोषज’ प्रकार याच्या सर्वांत जवळ येतो.