वॉटसन्स आणि ताज: मुंबईतील दोन हॉटेलांची गल्लत

फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची चलत्चित्रे मुंबईत प्रथम 'ताज'मध्ये दाखवली गेली, असे कधीकधी ऐकू येते. परंतु तो खेळ ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळील वॉटसन्स हॉटेलात झाला आणि अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल त्यानंतर सात वर्षांनी, १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले.

गल्लतीचे मूळ बहुधा एका लोकप्रिय दंतकथेत आहे. जमशेटजी टाटांना वॉटसन्समध्ये प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताज उभे राहिले, ही कथा चटकदार असली तरी तिला ठोस पुरावा नाही. मात्र तिच्यामुळे दोन्ही वास्तू एकाच गोष्टीत बांधल्या गेल्या.

बांधणीच्या दृष्टीने त्या अगदी निराळ्या आहेत. वॉटसन्सचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्लिश अभियंत्याचा. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणल्या गेल्या व १८६७ ते १८६९ या काळात येथे जोडल्या गेल्या. इमारतीचा भार हा लोखंडी सांगाडाच पेलतो, विटा केवळ मधल्या जागा भरतात, आणि तो सांगाडा दर्शनी भागातही झाकलेला नाही. माझ्या मते ताजच्या घुमटापेक्षा धाडसी गोष्ट हीच होती.

ताजचे मूळ आराखडे सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे, वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्ण केले. हॉटेल चुकून उलट्या दिशेला तोंड करून बांधले गेल्याचे पाहून वास्तुविशारदाने जीव दिला, ही आणखी एक दंतकथा. प्रत्यक्षात मूळ प्रवेशद्वार मुद्दामच शहराच्या बाजूला होते, जेथे बग्ग्या येऊन थांबत. समुद्राकडील प्रवेश नंतरचा आहे. शेजारी दिसणारी उंच इमारतही मूळ ताजचा भाग नव्हे, ती १९७० च्या दशकातील. आणि समोरचे गेटवे ऑफ इंडिया १९२४ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे ते ताजपेक्षा धाकटे.

ताजमध्ये आजही पाहुणे उतरतात. वॉटसन्स मात्र १९६० च्या दशकात बंद पडले, खोल्यांची लहान कार्यालये झाली, नाव एस्प्लनेड मॅन्शन पडले. २००५ मध्ये इमारतीच्या सज्जाचा भाग कोसळून एकाचा बळी गेला आणि २०१९ मध्ये मोडकळीस आलेली ही इमारत रिकामी करण्यात आली.