अमेरिकेतली उसवलेली श्रद्धा मोजायची कशी?

अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि मनःपरिवर्तन यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये वाढलेल्या तरुणांच्या तोंडी गेली काही वर्षं एक शब्द सतत असतो : डीकन्स्ट्रक्शन. मराठी समीक्षेत त्याला विरचना म्हणतात. चर्चच्या वर्तुळात मात्र त्याचा अर्थ अगदी घरगुती आहे. संडे स्कूलमध्ये अंगावर चढवलेला विश्वास टाका टाका उसवून बघायचा. बायबलचा शब्दन् शब्द अचूक आहे का? नरक खरंच आहे का? बाईनं उपदेश का करायचा नाही? आणि रिपब्लिकन पक्षाला मत देणं हा येशूच्या शिकवणुकीचा भाग कधीपासून झाला? यातला शेवटचा प्रश्न वरवरचा वाटतो, पण समाजशास्त्रज्ञांच्या हाती सर्वांत भक्कम पुरावा लागला आहे तो याच टाक्यापाशी.

शिकागो विद्यापीठातली एनओआरसी ही संस्था १९७२ पासून जनरल सोशल सर्व्हे घेते. त्यात धर्म विचारतात, तेव्हा पर्याय असे असतात : प्रोटेस्टंट, कॅथलिक, ज्यू, आणखी काही, किंवा कोणताच नाही. 'कोणताच नाही' म्हणणारे १९९१ मध्ये ७ टक्के होते, १९९८ मध्ये १४. सात वर्षांत दुप्पट! मायकल हाउट आणि क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये या वाढीची फोड केली. काही भाग पिढीबदलाचा निघाला : मुळात घरातच धर्म कमी असलेली मुलं मोठी झाली होती. उरलेली वाढ उदारमतवादी आणि मध्यममार्गी लोकांत होती; पुराणमतवाद्यांत ती दिसेना. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, या नव्या 'कोणताच नाही'वाल्यांपैकी बहुतेकांचा देवावर विश्वास टिकून होता. १९७९ मध्ये मॉरल मेजॉरिटी ही पुराणमतवादी ख्रिस्त्यांची राजकीय संघटना निघाली, तेव्हापासून धर्म आणि उजवं राजकारण एकाच व्यासपीठावर दिसू लागलं होतं. ते पाहून लोकांनी आधी नावाची पाटी काढली. देव नंतरचा.

इथं एक शंका रास्त आहे. कदाचित लोक आधी धर्मापासून दुरावले असतील आणि मग डावीकडे सरकले असतील. दर वेळी वेगवेगळी माणसं निवडणाऱ्या पाहणीतून याचा निकाल लागत नाही. त्यासाठी तीच माणसं वर्षानुवर्षं पुन्हा विचारावी लागतात, नाहीतर प्रयोग करावा लागतो. राज्यशास्त्रज्ञ मिशेल मार्गोलिस यांनी पहिली वाट घेतली. विशीत बहुतेकांचं चर्च सुटतं. मुलंबाळं झाल्यावर रिपब्लिकन विचारांचे आईबाप परततात, डेमोक्रॅट तितके परतत नाहीत. म्हणजे पक्ष आधी ठरलेला असतो. डेव्हिड कॅम्पबेल या राज्यशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लोकांचे गट पाडले आणि काहींना धर्म व राजकारण यांची सरमिसळ करणाऱ्या नेत्यांची बातमी वाचायला दिली. ती वाचलेल्या डेमोक्रॅटांत 'धर्म नाही' म्हणणारे वाढले. गट नशिबानं पडले असल्यानं फरकाचं कारण बातमीच.

प्रवाह उलटाही वाहतो. प्यू रिसर्च सेंटर या पाहण्या घेणाऱ्या संस्थेनं २०१६ आणि २०२० मध्ये त्याच लोकांना विचारलं. २०१६ मध्ये स्वतःला इव्हँजेलिकल न म्हणणाऱ्या गोऱ्या ट्रम्प-समर्थकांपैकी १६ टक्के २०२० पर्यंत तसं म्हणू लागले होते. समर्थक नसलेल्या गोऱ्यांत हे प्रमाण होतं १ टक्का. इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये इव्हँजेलिकल पंथाच्या चार खुणा सांगितल्या : बायबल, क्रूस, मनःपरिवर्तन आणि कृतिशीलता. पक्ष त्यात कुठेच नाही. एक्झिट पोलमध्ये मात्र 'तुम्ही बॉर्न-अगेन (श्रद्धेनं नव्यानं जन्मलेले) किंवा इव्हँजेलिकल ख्रिश्चन आहात का?' एवढाच हो-नाहीचा प्रश्न असतो. वर्षभरात चर्चची पायरी न चढलेला माणूसही 'हो' म्हणू शकतो. म्हणून '८० टक्के इव्हँजेलिकल ट्रम्पबरोबर' असं वाचलं की पुढं 'गोऱ्या मतदारांपैकी' हे शब्द आहेत का आणि गट हो-नाहीवरून पाडलाय की चर्चच्या पंथावरून, हे पाहावं. गट पाडायच्या या दोन पद्धतींची उत्तरं जुळत नाहीत.

चर्चला जाण्याचे आकडे तर आणखी जपून घ्यावेत. १९९३ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी कर्क हॅडवे, पेनी मार्लर आणि मार्क चॅव्हज या समाजशास्त्रज्ञांनी ओहायोतल्या अ‍ॅश्टाब्युला काउंटीत प्रोटेस्टंटांची हजेरी मोजली. यादीत नसलेली चर्चं शोधायला ते रस्ते पालथे घालत फिरले. जिथं हजेरीची नोंद मिळेना तिथं रविवारी आवारातल्या गाड्या मोजल्या. 'गेल्या आठवड्यात गेलो होतो' असं सांगणारे सुमारे ३६ टक्के होते, प्रत्यक्षात आलेले सुमारे २०. हे सगळे खोटारडे नव्हेत. 'गेलात का?' हा प्रश्न लोकांना 'तुम्ही जाणाऱ्यांपैकी आहात का?' असा ऐकू येतो.

चर्चमध्ये या उसवण्याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. काही पाळकांना ते श्रद्धात्यागाचं पहिलं पाऊल वाटतं. काहींना ते बायबलमधल्या, देवालाच जाब विचारणाऱ्या ईयोबाच्या आणि संदेष्ट्यांच्या परंपरेतलं वाटतं, आणि मला दुसऱ्यांचं म्हणणं आकड्यांशी जास्त जुळणारं दिसतं. वैयक्तिक आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक कामात नीतीनं वागू शकेल का, असं पीआरआरआय या संस्थेनं विचारलं होतं. 'हो' म्हणणारे गोरे इव्हँजेलिकल २०११ मध्ये ३० टक्के होते, २०१६ मध्ये ७२. ज्या मुलांनी चारित्र्याचे धडे याच वडीलधाऱ्यांकडून गिरवले, त्यांना ही उडी किती लागली असेल! गुलामीतून निसटलेले लेखक फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ मध्येच गुलाम बाळगणाऱ्यांचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म वेगळे असल्याचं लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशन सोडलं आणि 'देवाचा दरबार' उभारला. ख्रिस्त त्यांच्याजवळच राहिला. पाहणीच्या रकान्यात अशा माणसाला 'गेला' म्हणायचं की 'राहिला', हे प्रश्न कसा विचारला त्यावर ठरतं.

प्यूच्या २०२३-२४ च्या मोठ्या पाहणीत ३६,९०८ प्रौढ होते. ख्रिस्ती ६२ टक्के (२००७ मध्ये ७८), कोणत्याच धर्माचे नसलेले २९. या २९ मध्ये नास्तिक ५, अज्ञेयवादी ६ आणि 'विशेष काही नाही' म्हणणारे १९. पूर्णांकांमुळे बेरीज एकानं चुकते. उदारमतवाद्यांत ख्रिस्ती ६२ वरून ३७ टक्क्यांवर आले, पुराणमतवाद्यांत फक्त ८९ वरून ८२ वर. २०१९ पासून एकूण आकडा ६० ते ६४ च्या आसपास थबकला आहे आणि काही जण त्याला पुनरुज्जीवन म्हणू लागलेत. पण त्याच पाहणीत सर्वांत वयस्कर गटात ख्रिस्ती ८० टक्के आहेत आणि सर्वांत तरुण गटात ४६.