बी-ग्रेड चित्रपट, मलयाळम

केरळमध्ये साधारणतः 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत मोठ्या संख्येने निघालेल्या, अल्प खर्चाच्या व शृंगारप्रधान मलयाळम चित्रपटांसाठी हे नाव रूढ आहे. हॉलिवूडमध्ये एका तिकिटात दाखवल्या जाणाऱ्या दोन चित्रपटांपैकी दुय्यम चित्रपटाला ‘बी’ म्हणत. त्या पद्धतीशी या चित्रपटांचा संबंध नाही. केरळात चित्रपटगृहांचीच ए, बी, सी अशी उतरंड होती. नवा चित्रपट आधी मोठ्या शहरांतील ए केंद्रांत लागे आणि तेथून उतरल्यावर लहान गावांतील बी व सी केंद्रांत जाई. प्रस्तुत चित्रपटांचा मुख्य आधार ही खालची केंद्रे होती. बोलीभाषेत त्यांना ‘तुंडुपडम’ (तुकड्यांचा चित्रपट) किंवा दुपारच्या खेळावरून ‘उच्चप्पडम’ म्हणत. ‘ए’ (केवळ प्रौढांसाठी) प्रमाणपत्र मिळालेला प्रत्येक मलयाळम चित्रपट या वर्गात मोडत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

उगमाचा वाद : या प्रकाराची सुरुवात कोठून धरावी याबद्दल एकमत नाही. लोकप्रिय लेखनात बहुधा 1978 हे वर्ष सांगितले जाते. त्या वर्षी आय. व्ही. शशी यांचा ‘अवळुडे रावुकळ’ आणि भरतन यांचा ‘रतिनिर्वेदम’ हे दोन चित्रपट प्रदर्शित झाले. पहिल्यात सीमा या अभिनेत्रीने धाकट्या भावाला सांभाळणाऱ्या, देहविक्रयावर जगणाऱ्या तरुणीची भूमिका केली. दुसऱ्याची पटकथा पद्मराजन यांनी आपल्याच लघुकादंबरीवरून लिहिली. पौगंडावस्थेतील मुलगा आणि त्याच्याहून वयाने मोठी शेजारीण (जयभारती) यांच्यातील आकर्षण हा तिचा विषय. ‘अवळुडे रावुकळ’ हा ‘ए’ प्रमाणपत्र मिळवणारा पहिला मलयाळम चित्रपट असे पुष्कळदा लिहिले जाते. तथापि हा मान काही नोंदींत एम. कृष्णन नायर यांच्या 1966 मधील ‘कल्याणरात्रियिल’ला दिलेला आढळतो. तो ग्राह्य धरला, तर प्रमाणपत्राच्या आधारे 1978 ला आरंभबिंदू मानणे कठीण होते. शिवाय या दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक, कलावंत आणि वितरण सर्वस्वी मुख्य प्रवाहातील होते. पुढील काळातील निर्मात्यांनी त्यांच्याकडून कथेचा साचा घेतला, एवढेच फार तर म्हणता येईल. वयाने मोठी स्त्री आणि कोवळा मुलगा हा साचा त्यानंतर वीस-बावीस वर्षे पुन्हा पुन्हा वापरला गेला.

दुसरे मत 1988 च्या ‘आदिपापम’ला आद्य मानते. बायबलमधील आदम-इव्हच्या कथेचा आधार घेतलेला हा चित्रपट पी. चंद्रकुमार यांनी दिग्दर्शित केला. निर्माते आर. बी. चौधरी होते, पुढे सुपर गुड फिल्म्स या संस्थेमुळे तमिळ चित्रपटसृष्टीत त्यांचा जम बसला. विमल राजा व अभिलाषा या जोडीवर खर्च बेताचाच होता आणि धर्मग्रंथातील कथा म्हणून नग्नतेला एक आडोसाही मिळाला. चंद्रकुमार हे नवखे नव्हते. 1970 च्या दशकापासून ते रीतसर कौटुंबिक व सामाजिक चित्रपट करत आले होते, आणि पुढे मलयाळम कौटुंबिक चित्रपटाचे अध्वर्यू ठरलेले सत्यन अंतिक्काड हे त्यांचेच साहाय्यक. दिग्दर्शक तुलसीदास यांचेही तसेच. सिल्क स्मिता व अभिलाषा या अभिनेत्रींना घेऊन त्यांनी 1989 मध्ये ‘लयनम’ केला आणि नंतर विनोदी व घरगुती चित्रपटांत नाव मिळवले. मुख्य प्रवाह आणि हे चित्रपट या दोन सृष्टींमधील भिंत सांगितली जाते तितकी पक्की नव्हती.

चित्रपट-अभ्यासक दर्शना श्रीधर मिनी यांनी या प्रकाराकडे स्वतंत्र उद्योगव्यवहार म्हणून पाहिले आहे. स्वस्त छापील साहित्य, ‘मादकराणी’ म्हणून ओळखली जाणारी प्रौढ नायिका आणि आखाती देशांतील स्थलांतरितांमुळे झालेला प्रसार हे धागे त्यांनी एकत्र आणले आहेत. दुसरे अभ्यासक रतीश राधाकृष्णन यांचा भर मलयाळम कुटुंबसंस्थेच्या अस्वस्थतेवर आहे. दोन्ही मते परस्परांना छेद देत नाहीत. आरंभाबद्दल म्हणायचे, तर केवळ आशय पाहता 1978 जवळचे वाटते. परंतु भांडवल, वितरण आणि प्रदर्शनाची वेळ या तिन्ही गोष्टी प्रथम एकत्र आल्या त्या 1988-89 च्या सुमारास, आणि प्रस्तुत नोंदीत तोच काळ उपयुक्त मानला आहे.

नावांच्या बाबतीतही घोळ आहेत. या वर्गातील अनेक चित्रपटांचे दिग्दर्शक के. एस. गोपालकृष्णन आणि त्याच नावाचे नामवंत तमिळ दिग्दर्शक या दोन भिन्न व्यक्ती असून जुन्या सूचींत त्यांची चित्रपटयादी सरमिसळ झालेली दिसते.

तुकडा आणि त्याची जोडणी : या चित्रपटांचे खरे वैशिष्ट्य पडद्याइतकेच प्रक्षेपण-खोलीत होते. सिनेमॅटोग्राफ कायदा, 1952 नुसार प्रमाणित झाल्यानंतर प्रतीत फेरफार करून ती दाखवणे हा गुन्हा आहे. तरीही प्रमाणित प्रतीत वेगळ्याने चित्रित केलेला, किंवा भलत्याच, प्रसंगी परदेशी चित्रपटातून काढलेला प्रसंग जोडण्याची प्रथा होती. 35 मिमी. फिल्म सेकंदाला 24 चौकटी या वेगाने मिनिटाला 90 फूट सरकते; हजार फुटांचे एक रीळ सुमारे अकरा मिनिटे चालते. म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या तुकड्याला 180 ते 270 फूट फिल्म पुरे. एवढे भेंडोळे लहानशा डब्यात मावते, पिशवीतून नेता येते आणि चिकटपट्टीने जोडून खेळ संपताच सोडवताही येते. तपासणी आली तर मूळ प्रत निर्दोष निघे. तुकडा कथेत कोठे येतो याला महत्त्व नव्हते. नायिका झोपायला गेली की पडद्यावरील रंगछटा एकदम बदले, चेहरे बदलत, पार्श्वसंगीताचा ठेका मध्येच तुटे आणि दोन-तीन मिनिटांनी पूर्वीचा संवाद पुढे सुरू होई. कोणत्या खेळाला तुकडा लागणार याची बातमी गावात तोंडोतोंडी फिरे. तुकडा लागला नाही तर प्रेक्षकांचा आरडाओरडा होई. बांगलादेशातील ‘कट-पीस’ प्रथेशी याचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे, मात्र एकीवरून दुसरी आली असे मानण्यास आधार नाही.

या प्रथेचा भार अभिनेत्रींवर पडला. तुकड्यातील शरीर बहुधा दुसऱ्याच स्त्रीचे असे, पण भित्तिपत्रकावर नाव व चेहरा नायिकेचा. आपल्या नावावर खपवलेली अनेक दृश्ये बदली कलावंतांची होती, असे या चित्रपटांतील प्रसिद्ध नायिका शकीला यांनी मुलाखतींत सांगितले आहे. त्या बदली स्त्रियांची नावे श्रेयनामावलीत नसत.

2000 ची लाट : आर. जे. प्रसाद दिग्दर्शित ‘किन्नारत्तुंबिकळ’ (2000) हा या प्रकाराचा सर्वांत यशस्वी चित्रपट. चहाच्या मळ्याची पार्श्वभूमी आणि तोच जुना साचा; खर्च काही लाखांत, उत्पन्न मात्र कोटींत गेल्याचे सांगतात. मद्रासमध्ये वाढलेल्या शकीला याआधी तमिळमध्ये दुय्यम भूमिका करत होत्या. या चित्रपटाने त्यांचे नावच वितरकांसाठी हमी ठरले. पुढील दोन-तीन वर्षांचा काळ केरळात ‘शकीला तरंगम’ (शकीला लाट) म्हणून ओळखला जातो. रेश्मा, मारिया, सजिनी अशा इतर नायिका याच लाटेत आल्या. एखादा बंगला, चार-सहा कलावंत आणि दोन-तीन आठवड्यांचे चित्रीकरण एवढ्यात चित्रपट पुरा होई. मोहनलाल व मामुट्टी या आघाडीच्या नटांच्या चित्रपटांचे गल्ले या चित्रपटांमुळे घटले, ही आख्यायिका वृत्तपत्रांनी पुष्कळ रंगवली. त्या सुमारास मुख्य प्रवाहातील महागडे चित्रपट आपटत होते आणि बी-सी केंद्रांना चालवायला चित्रपट हवे होते, हे कारण अधिक पटण्याजोगे आहे.

हिंदी, तमिळ व तेलुगू भाषांतरांमुळे हे चित्रपट केरळबाहेरही गेले. ‘लयनम’ हिंदीत ‘रेश्मा की जवानी’ झाला. महाराष्ट्रातील एकपडदा चित्रपटगृहांत अशा भाषांतरित चित्रपटांची जागा मॉर्निंग शोला असे, आणि मलयाळम चित्रपट म्हणजे हेच, असा समज येथील एका पिढीत रुजला तो त्यातूनच. 

ऱ्हास : 2000 च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाट ओसरली. सीडी, इंटरनेट व नंतर मोबाइल फोनमुळे तुकडा पाहण्यासाठी चित्रपटगृहात जाण्याची गरज उरली नाही. प्रमाणनही कडक झाले. बी-सी केंद्रांतील कित्येक चित्रपटगृहे बंद पडली, काहींची मंगल कार्यालये झाली. असे चित्रपटगृह बंद पडून तेथे चर्च उभे राहते, हे कथासूत्र के. आर. मनोज यांच्या ‘कन्यका टॉकीज’ (2013) मध्ये आहे. मूळ कथा पी. व्ही. शाजिकुमार यांची.

सिल्क स्मिता यांचा मृत्यू 23 सप्टेंबर 1996 रोजी चेन्नईत झाला. त्या आधीच्या वर्षी ‘स्फडिकम’ या मुख्य प्रवाहातील चित्रपटात त्यांची भूमिका गाजली होती, तरी नोंदींत त्यांचा उल्लेख बहुतेक वेळा याच वर्गाखाली येतो. शकीला पुढे ‘छोटा मुंबई’ (2007) सारख्या चित्रपटांतून विनोदी रूपात दिसल्या. त्यांचे मलयाळम आत्मचरित्र 2013 मध्ये प्रसिद्ध झाले आणि इंद्रजित लंकेश यांनी रिचा चड्ढा यांना घेऊन 2020 मध्ये त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट काढला. ‘रतिनिर्वेदम’ची नवी आवृत्ती टी. के. राजीव कुमार यांनी 2011 मध्ये श्वेता मेनन यांच्यासह केली. ती ए केंद्रांत, रीतसर जाहिरात करून प्रदर्शित झाली.